दुसरा परिच्छेद

बाबांनी मान हलवली. वरून खाली एकदा, आणि मग खात्री करून घेतल्यासारखी पुन्हा अर्धी. तो त्यांच्यासमोर स्टुलावर बसून त्यांच्या हाताची पट्टी सोडवत होता, डायलिसिसच्या सुया काढल्यावर गुंडाळतात ती, आणि सोडवता सोडवता बोलत होता. मान हलली तसा त्याचा हात पट्टीवरच राहिला. काहीतरी होऊन बसलं आहे एवढं त्याला कळलं. नेमकं काय, ते कळायला आणखी थोडा वेळ गेला, कारण पहिल्यांदा त्याला जे वाटलं ते चक्क समाधान होतं. बाबांची मान सहजासहजी हलत नसे. दुसऱ्यांच्या माना कशा हलवून घ्यायच्या हे ज्यांनी जन्मभर शिकवलं त्यांचीच मान अशी दीड वेळा हलवून घेणं म्हणजे खायचं काम नव्हतं. मग पट्टीखालचा तो भाग त्याच्या बोटांना लागला. तिथे शीर आणि धमनी एकमेकींना जोडली होती आणि रात्रंदिवस एक बारीक थरथर चालू असे, उशीखाली ठेवलेला फोन वाजावा तशी. ती थरथर बोटांना लागली आणि आपण आत्ता कशावर मान हलवून घेतली आहे ते त्याच्या लक्षात आलं.

थोड्या वेळापूर्वी बाबा म्हणाले होते की परवापासून तिकडे जायचंच नाही असं त्यांच्या मनात आहे. 'मनात आहे' म्हणाले होते, 'ठरवलं आहे' असं नाही. हा फरक त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये, आरशाकडे तोंड करून उभा असताना जाणवला. बाबांनी कारणंही दिली होती. तिथली खुर्ची डावीकडे कलते. टेक्निशियन मुलगी सगळ्यांना सरसकट आजोबा म्हणते, आणि मूत्रपिंडाबरोबर कानही गेले असावेत अशा आवाजात म्हणते. न्यायला येणाऱ्या गाडीत असा काही सुगंधी फवारा मारलेला असतो की फूल हा प्रकारच नकोसा व्हावा. आणि समोरच्या टीव्हीवर दिवसभर स्वयंपाक चालू असतो. मीठ बंद, पाणी मोजून, अशी माणसं रांगेत नळ्या लावून पडलेली असतात आणि त्यांच्यासमोर कुणीतरी एक जाडा माणूस लोण्यात काहीतरी परतत हसत असतो. एवढीच कारणं. शाळा चुकवायला पोरं देतात त्या वजनाची. कुठलाही साधा माणूस 'काहीतरीच काय बाबा' म्हणाला असता आणि चहा टाकायला उठला असता. चहा अर्धाच कप टाकला असता, कारण मापच तेवढं होतं, पण उठला असता. त्याचं वळण वेगळं होतं. तो उठला नाही. तो म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..."

आणि त्याने मांडलं. खुर्ची, वास, टीव्ही बाजूला ठेवून त्याखाली काय आहे ते त्याने शांतपणे वर काढलं. म्हणजे तुमचं म्हणणं असं, की एक दिवस त्या यंत्रावर जातो आणि दुसरा दिवस त्या यंत्राचा शीण काढण्यात जातो, आणि मग परत यंत्राचा दिवस येतो. तेव्हा हे यंत्र दिवस देतं म्हणावं तर ते दिवस आहेत कुठे. हे तुम्ही वैतागून म्हणत नाही आहात, दुःखाने नाही, आम्हाला त्रास नको म्हणूनही नाही. जगणं चालू ठेवणं हेच जर जगण्यातलं एकमेव काम होऊन बसलं, तर ते कुठवर करायचं हे ज्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे, एवढंच तुम्ही म्हणता. इथवर ठीक होतं. इथे थांबायला हरकत नव्हती. पण मुद्दा जरा उघडा वाटत होता, त्याला एक बटण कमी होतं, आणि त्याच्याने ते तसं बघवेना. म्हणून तो पुढे म्हणाला की आणि हे तुम्ही आत्ताच, डोकं ताळ्यावर असताना ठरवू पाहता, कारण आज तुम्ही ठरवलं नाहीत तर कधीतरी ते आम्हाला ठरवावं लागेल, आणि ते आमच्या हातून होऊ नये असं तुम्हाला वाटतं. तेव्हा मान हलली होती.

बाबा म्हणाले, "हं. शेवटचं मला सुचलं नव्हतं."

मग ते नेहमीच्या सौजन्याने म्हणाले की आता तुझं उत्तर. तो सोडवलेली पट्टी गुंडाळत बसला तेव्हा म्हणाले की घाई नाही, सवडीने दे, परवा सकाळी गाडी यायच्या आत दिलंस तरी चालेल. आणि त्यांनी बर्फाचा एक खडा मागितला. पाण्याऐवजी ते बर्फाचा खडा चघळत, त्याने तहान जास्त वेळ फसते. त्याने खडा आणून दिला. बाबांनी तो गालात ठेवला आणि एका गालाने फुगलेल्या चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत राहिले, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं तिकडे.

बाबा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि तिथलं वादमंडळ चालवायचे. वादमंडळात त्यांचा एकच नियम होता. प्रतिपक्षाला उत्तर द्यायच्या आधी त्याचा मुद्दा आपल्या तोंडाने मांडायचा, आणि असा मांडायचा की प्रतिपक्षाने मान हलवली पाहिजे. मान हलली की घंटा. घंटेनंतर उत्तराची वेळ सुरू. मान हलली नाही तर पुन्हा मांडायचा. समोरच्याचा मुद्दा पाहुण्यासारखा वागवा, बाबा सांगत. दारातून आत घ्या, कोट काढून खुंटीला लावा, धूळ असेल तर झटका, बटण तुटलं असेल तर टाका लावून द्या, आणि मग काय भांडायचं ते भांडा. मुलं त्यांना पाठीमागे 'शिंपी' म्हणत. बाबांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. त्यांच्या संघाने कधी काही जिंकलं नाही. इतर कॉलेजांची मुलं टेबलावर मुठी आपटत, शेर म्हणत, प्रतिस्पर्ध्याच्या शर्टावर विनोद करत आणि कप घेऊन जात. बाबांची मुलं उभी राहत, प्रतिपक्षाचा मुद्दा इतक्या आपुलकीने मांडत की परीक्षक गोंधळून जात आणि कागदावर बघत की हा नक्की कुठल्या बाजूचा. एकदा तर बाबांच्या मुलाने मांडलेल्या मुद्द्याला सर्वोत्कृष्ट मुद्द्याचं बक्षीस मिळालं, आणि ते प्रतिपक्षाच्या मुलीला देण्यात आलं, कारण मुद्दा तिचा होता. बाबा घरी येऊन हे आनंदाने सांगत होते. आई गॅसची शेगडी पुसत होती. आईने त्या नियमाला आयुष्यात कधी हात लावला नाही. ती म्हणायची, तुमचं झालं असेल तर आंघोळीला जा, पाणी निवतंय. आणि बाबा जात.

त्याला स्वतःला बाबांनी आपल्या संघात कधी घेतलं नाही. घरचाच मुलगा घेतला तर इतरांवर अन्याय, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं होतं, आधी त्याची बाजू मांडून, आणि त्याने मान हलवली होती. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. पण वळण लागायचं ते लागलंच. त्याचं एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलगी भली होती, तिलाच त्याला नकार द्यायचा होता आणि तो कसा द्यावा ते तिला समजत नव्हतं, ती नुसतीच चमचा फिरवत होती. त्याने तिला मदत केली. म्हणजे तुझं म्हणणं असं, की वाईट काही नाही, पण माझ्याबरोबर राहणं हे एखाद्या फार चांगल्या वाचनालयात राहण्यासारखं होईल. ती म्हणाली, अगदी हेच. तिने त्याचे मनापासून आभार मानले. पुढे तिच्या लग्नाचं आमंत्रणही आलं. आता त्याला पन्नाशी लागली होती, घरात तो आणि बाबा दोघंच होते, आणि दोघांमध्ये इतक्या वर्षांत एकदाही आवाज चढला नव्हता. ताई म्हणायची, तुमच्या घरात आलं की बँकेत आल्यासारखं वाटतं.

रात्रभर त्याला झोप चांगली लागली, याचं त्याला सकाळी आश्चर्य वाटलं. आपल्याला काय वाटतंय हे बघायला तो स्वतःच्या आत गेला तर आत कुणीच नव्हतं. दात घासले, बाबांच्या गोळ्या काढून ठेवल्या, ऑफिसला निघाला. बसमध्ये शेजारचा माणूस आपल्या फोनवर कुणाला तरी सांगत होता की तू आधी माझं ऐकून घे, तू आधी माझं ऐकून घे, आणि पलीकडचा माणूस बहुधा तेच म्हणत होता, कारण दोघांपैकी कुणीच पुढे जात नव्हतं. बरं असतं, त्याला वाटलं. असंच अडकून राहिलं की निर्णय होत नाही.

तो गाद्यांच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहायचा. विभागाचं नाव ग्राहक समाधान विभाग असं होतं. गाद्या बऱ्या होत्या, पण माणसं झोपतात आणि गाद्या दबतात, आणि मग माणसं लिहितात. लिहिताना गादीवर थांबत नाहीत. नवऱ्याचं वजन, सासूचा शब्द, ज्या मुलाने गादी भेट दिली आणि नंतर फोन केला नाही तो मुलगा, सगळं त्या मधल्या खड्ड्यात येऊन पडतं. त्याच्या उत्तराचे नेहमी दोन परिच्छेद असत. पहिला त्याचा. त्यात तो त्या बाईची किंवा बाप्याची तक्रार अशी मांडायचा की त्यांना स्वतःला ती तशी कधी मांडता आली नसती. आपण लिहिता त्यावरून आम्हाला असं जाणवतं, की प्रश्न पाठीच्या दुखण्याचा नसून विश्वासाचा आहे. लोक हे वाचून हळवे होत. कित्येक जण दुसरा परिच्छेद न वाचताच आभाराचं पत्र पाठवत. दुसरा परिच्छेद 'तथापि'ने सुरू व्हायचा आणि तो कायदा विभागाकडून तयार येत असे. तथापि, हमीच्या अटींनुसार खड्डा हा गादीवर कुणीही नसताना मोजावयाचा असल्याने. गेली कित्येक वर्षं पहिला परिच्छेद तो लिहीत होता आणि दुसरा तो फक्त चिकटवत होता. त्याच्या मॅडम, वयाने त्याच्याहून लहान आणि घाईच्या, एकदा म्हणाल्या होत्या की तुमची पत्रं वाचली की वाटतं कंपनीने सरळ हात वर करावेत, नशीब की कायदावाले आहेत. तो हसला होता. ती कौतुकाची गोष्ट आहे असं त्याने घरी बाबांना सांगितलं होतं.

त्या दिवशी टेबलावर एका निवृत्त माणसाचं पत्र होतं, बायको गेल्यापासून गादी एका बाजूला उंच वाटते असं काहीतरी. त्याने ते बाजूला सारलं आणि कोरं पान उघडलं. वर लिहिलं, तीर्थरूप बाबांस. पहिला परिच्छेद लिहायची गरज नव्हती, तो काल तोंडी झाला होता आणि मंजूरही झाला होता. त्याने एक ओळ सोडली आणि लिहिलं, तथापि. आणि त्याच्या पुढे पडद्यावरची ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. तथापि, डॉक्टर म्हणतात की तब्येत तशी ठीक आहे. हे बाबांना माहीत होतं. तथापि, थांबवल्यावर काय होतं त्याची तुम्हाला कल्पना आहे ना. होती, डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आठवडा, फार तर दोन, अंगात पाणी साठत जातं, झोप वाढत जाते, आणि बाबांनी नीट ऐकून घेऊन विचारलं होतं की म्हणजे झोपेतच ना. डॉक्टर बराच वेळ तुम्ही असं विचारू नका म्हणत राहिले होते. तथापि, आम्हाला. इथे तो थांबला. आम्हाला काय, ते त्याला लिहिता येईना. कालच्या बटणाने ती वाट बंद करून टाकली होती. आम्हाला म्हणून जे जे काही म्हणावं ते सगळं त्या बटणात आधीच शिवलेलं होतं, आणि बटण पक्कं होतं, त्याने स्वतः लावलं होतं. आपण इतक्या वर्षांत एकही दुसरा परिच्छेद लिहिलेला नाही हे त्याला समजलं, पण हवामानाची बातमी समजावी तसं. कुठेतरी पाऊस आहे. मॅडम मागून येऊन म्हणाल्या की त्या गादीवाल्या आजोबांचं झालं का. तो म्हणाला, होतंय. आणि पान पुसून टाकलं.

दुपारी ताईचा फोन आला. ती लांबच्या गावी असते, तिथे तिचं औषधांचं दुकान आहे, आणि बोलताना मध्येमध्ये ती गिऱ्हाइकांशीही बोलते. त्याने सांगितलं. बाबा असं म्हणाले. ताईने विचारलं का म्हणाले, तेव्हा त्याने खुर्ची, वास, टीव्ही वगैरे सांगितलं, आणि ताई हसली. उद्या टीव्ही बंद करायला सांग त्या मुलीला, ती म्हणाली, आणि कुणाला तरी म्हणाली की जेवणानंतर, दोन वेळा. मग तिने विचारलं, की तू काय म्हणालास.

"मी आधी त्यांचं म्हणणं नीट मांडलं."

"मांडलं म्हणजे?"

त्याने मांडलं म्हणजे काय ते सांगितलं. शेवटचा भाग गाळावा असं त्याला वाटलं, पण ते बरोबर झालं नसतं. पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता.

"म्हणजे ते म्हणाले की टीव्हीवर स्वयंपाक दाखवतात," ताई म्हणाली, "आणि तू त्यांना मरायला चांगलं कारण शोधून दिलंस."

तो म्हणाला की असं अगदी नाही. ताई म्हणाली, अरे शहाण्या, त्यांना हरायचं होतं. ते तुझ्याकडे हरायला आले होते. कुणीतरी 'गप्प बसा' म्हणावं म्हणून माणूस असली कारणं देतो. आई असती तर एका वाक्यात आटपलं असतं. त्याला हे पटलं. पण बाबांना खरंच नको असेल, आणि खरं कारण सांगायचा संकोच म्हणून त्यांनी टीव्ही पुढे केला असेल, हेही त्याला तितकंच पटत होतं. दोन्ही बाजू त्याच्यासमोर सारख्या उजेडात उभ्या होत्या आणि त्याला कुठलीच खाली ठेवता येत नव्हती. तो म्हणाला, म्हणजे तुझं म्हणणं असं, की. ताईने फोन ठेवला.

नंतर तिनेच परत फोन केला. मधल्या वेळात तिने थेट बाबांना फोन लावला होता आणि आईच्या आवाजात पोरकटपणा पुरे असं सांगितलं होतं. आता तिचा आवाज वेगळा होता, कुणीतरी हातातली वस्तू काढून घेतल्यासारखा. बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, म्हणाली. रागावले नाहीत. तुझ्या काळजीबद्दल मला आदर आहे म्हणाले. आणि मग तू जे शिकवलंस ते त्यांनी मला म्हणून दाखवलं, सगळं, ते शेवटच्यासकट. मी त्यांना ओरडायला फोन केला होता रे, आणि शेवटी मीच हो हो म्हणत होते. उद्या रात्रीच्या आत काही ती पोचू शकत नव्हती. "तूच घातलंयस त्यांच्या डोक्यात," ती म्हणाली, "आता तूच काढ. आणि हे बघ, नीट बोलू नकोस."

घरी गेला तर बाबा दाढी करून बसले होते, संध्याकाळी. एरवी यंत्राच्या दुसऱ्या दिवशी ते पडून असत, भिंतीकडे तोंड करून. आज त्यांनी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं होतं, जुने मोजे निवडून फेकायचे वेगळे काढले होते, आणि गुणगुणत होते. ते त्याला म्हणाले की ताईशी फार छान चर्चा झाली. तिचा मुद्दा भावनेचा होता, पण प्रामाणिक होता. तो 'तुम्हाला ठरवावं लागेल' हा भाग ऐकल्यावर ती बोलूच शकली नाही, ते म्हणाले. फारच भक्कम आहे तो, मी दिवसभर त्याला कुठून धक्का देता येतो का बघत होतो. आणि मग, चष्मा पुसत, कुठल्याशा जुन्या गोष्टीची भरपाई केल्यासारखं म्हणाले, "तू संघात हवा होतास."

त्याला ही शाबासकी तीस-पस्तीस वर्षं उशिरा मिळत होती आणि तिचा अर्थ काय होता ते दोघांनाही माहीत होतं. बाबा खुशीत होते, यात शंका नव्हती. जन्मभर नीटपणे, सभ्यपणे, नियमाने हरलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा न हरणारा मुद्दा आला होता, आणि तो त्याला मुलाने आणून दिला होता. ते तो मुद्दा घरभर घेऊन हिंडत होते. त्याने जेवण गरम केलं, बिनमिठाचं त्यांचं, मिठाचं त्याचं, आणि दोघं जेवले. आपण समोर बसलेल्या या माणसाकडे बघतोय, त्याच्या कानातले पांढरे केस दिसताहेत, चावताना कानशिलाचं हाड वरखाली होतंय, हे त्याला काचेपलीकडून दिसत होतं. रडायला येतं का ते त्याने एकदा तपासून पाहिलं. नाही आलं. भांडी विसळताना पाणी गरम आहे की गार हे त्याला बराच वेळ समजलं नाही.

सकाळी बाबा बनियनवर बसले होते. यंत्राच्या दिवशी ते लवकर उठून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, हाताला लावायचं बधिरतेचं मलम लावून तयार असत. आज मलमाची ट्यूब टेबलावर होती तिथेच होती. त्याने चहा आणला. बाबांनी घड्याळाकडे बघून म्हटलं की गाडीला अवकाश आहे, बोल. त्याने बोलायला सुरुवात केली. तो म्हणाला की दर दुसरा दिवस जरी शिणाचा असला तरी काल कुंड्यांना पाणी घातलंत, म्हणजे सगळाच वाया जातो असं नाही. बाबांनी ते मांडलं: म्हणजे तुझं म्हणणं असं, की थोडं हे काहीच नाही याच्याहून जास्त असतं. त्याने मान हलवली. बाबा म्हणाले की सुंदर, पण काल पाणी घातलं ते उद्या जायचं नाही या आनंदात घातलं. तो म्हणाला, काही काळ जाऊन बघू, मग ठरवू. बाबांनी तेही मांडलं, त्याच्याहून चांगलं, आणि त्यानेही मान हलवली, आणि बाबांनी दाखवून दिलं की असं प्रत्येक वेळी म्हणता येतं, म्हणून ते कुठल्याच वेळी म्हणण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, ताई येईपर्यंत तरी. बाबांनी ताईचा मुद्दा ताईपेक्षा हळुवारपणे मांडला. त्याची मान हलली. ती आता आपोआपच हलत होती. बाबा एकेक मुद्दा आत घेत होते, कोट खुंटीला लावत होते, बसायला देत होते आणि मग दारापर्यंत सोडून येत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही जिंकल्याचा भाव नव्हता. ते फक्त काळजीपूर्वक काम करत होते. मग ते म्हणाले की आणखी काही. आणि ते विचारताना त्यांनी मलमाच्या ट्यूबकडे बघितलं की तिच्या शेजारच्या पेपराकडे, हे त्याला ठरवता आलं नाही. दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवलेल्या होत्या.

आणखी काही नव्हतं. त्याने आत बघितलं तर खरंच नव्हतं.

तो म्हणाला, "मला नकोय."

"काय नकोय?"

"तुम्ही म्हणताय ते."

बाबा थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. "हा मुद्दा होत नाही," ते म्हणाले, मऊपणे, एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याला सांगावं तसं.

"होतो. माझा हाच आहे. आता तुम्ही तो मांडा."

बाबा ताठ बसले. असं कुणी सांगितल्यावर न मांडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, म्हणजे तुझं म्हणणं असं, की मी नसलो तर हे घर तुला खायला उठेल. त्याने प्रामाणिकपणे तपासलं. त्यात बरंच तथ्य होतं. मान हलायला निघाली आणि त्याने ती धरली. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, त्याला ती धरल्याचं जाणवलं. तो म्हणाला, नाही. बाबांना आश्चर्य वाटलं. नियमात समोरच्याने खोटी मान हलवू नये असं होतं, आणि खरी मान अडवून धरू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण ते कुणाला सुचलंच नव्हतं. असं करणारा माणूस वादमंडळात कशाला येईल. बाबा म्हणाले, बरं. म्हणजे तुझं म्हणणं असं, की तो मुद्दा मला तू दिलास, तेव्हा मी त्याप्रमाणे वागलो तर ते तू केल्यासारखं होईल. हे तर शब्दशः खरं होतं. हे त्याला काल गाद्यांच्या पत्रांमध्ये बसून नीट कळलंही नव्हतं, आणि बाबांनी ते असं अलगद समोर ठेवलं. त्याच्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. तो म्हणाला, नाही, तेही नाही.

खाली हॉर्न वाजला. तो उठला आणि म्हणाला, चला, गाडीत बोलू. बाबा म्हणाले, थांब, मला सापडतंय. त्यांनी शर्टात एक हात घातला आणि दुसरा हात घालायचं विसरून उभे राहिले, त्याने घातला. जिन्यात ते दर मजल्याच्या वळणावर थांबून विचारत होते. कर्तव्याचा भाग आहे का. नाही. सवयीचा. नाही. भीती आहे का, माझी नव्हे, तुझी, पुढेमागे तुझ्याकडे कोण बघणार याची. त्याने यावर क्षणभर वेळ घेतला, कारण लगेच नाही म्हटलं असतं तर संशय आला असता, आणि मग म्हणाला, जवळपास, पण नाही. गाडीत बाबा खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होते. तिथे गेल्यावर मुलीने त्यांना काट्यावर उभं केलं, दोन दिवसांत किती पाणी साठलंय ते मोठ्यांदा सांगितलं, आणि बाबांनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही. आज मलम लावलेलं नव्हतं, सुया दुखल्या असणार. त्यांनी नुसते डोळे बारीक केले, चालता चालता दगड लागल्यासारखे, आणि विचार चालू ठेवला. नळ्या आधी पारदर्शक होत्या, मग तांबड्या झाल्या. यंत्र सुरू झालं. त्याने स्टूल ओढून घेतलं.

बऱ्याच वेळाने, झोप लागली असावी असं त्याला वाटत असताना, बाबांनी डोळे न उघडता हाक मारली. आवाज थकलेला होता, पण त्यात ती जुनी नेमकी धार होती.

"म्हणजे तुझं म्हणणं असं," ते म्हणाले, "की तुझ्याकडे मुद्दा नाही. माझा बरोबर आहे हे तुला मान्य आहे. आणि तरी मी असावं."

त्याच्या आत कुठेतरी काहीतरी जागेवर येऊन बसलं, इतक्या हलकेच की आवाजही झाला नाही. अगदी हेच होतं. याच्यात एक शब्द घालण्यासारखा नव्हता आणि एक काढण्यासारखा नव्हता. बाबांनी डोळे उघडले होते आणि ते त्याच्याकडे बघत होते, उत्तर माहीत असलेल्या माणसासारखे, की फक्त थकलेल्या माणसासारखे, ते त्याला समजेना. त्याची मान खाली जाऊ लागली. त्याने ती मध्यावर अडवली आणि डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"नाही," तो म्हणाला. "पण चांगलं जमलंय. आणखी एकदा बघा."

"हं," बाबा म्हणाले, आणि डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.